तिसरी सुई

(दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



  

ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या दवाखान्यात मी नवखा असताना काही महिने बसलो. त्यांची एक लांब वही होती, किराणा दुकानात असते तशी, लाल कापडी पुठ्ठ्याची. हिपॅटायटिस बीची लस आपल्याकडे मिळू लागली तेव्हा त्यांनी त्या वहीत तीन रकाने आखले. पहिली सुई, दुसरी सुई, तिसरी सुई. पहिला रकाना भरगच्च. दुसऱ्यात मधेमधे मोकळ्या जागा. तिसरा म्हणजे इथलं माळरान, लांबवर एखादं बाभळीचं झाड दिसावं तशी एखादी तारीख. रविवारी दुपारी ते वही उघडून बसायचे आणि कंपाउंडरला सायकलवर पिटाळायचे. 'अमक्याच्या घरी जा. म्हणावं सहा महिने झाले, तुमचा दंड द्यायचा राहिलाय.' लोक आधी दचकायचे, मग हसत हसत बाही वर करून यायचे.

आज मला त्या तिसऱ्या रकान्याबद्दल बोलायचं आहे. लस चांगली की वाईट, हे जगाने कधीच तपासून पाहिलं. मोठ्या माणसाला ती पुरती मिळते का, याची विचारपूस मात्र कोणी करत नाही.

आधी कावीळ या शब्दाची भानगड सोडवू. आपण कावीळ हा रोग समजतो. खरं तर ती नुसती खूण आहे. यकृताचं काम बिघडलं की पित्तातला पिवळा रंग रक्तात साठतो आणि डोळे पिवळे दिसतात. बिघाड कशानेही होईल. पावसाळ्यात पाइपलाइन फुटून गावात जी कावीळ येते, ती 'ए' किंवा 'ई' विषाणूची, पाण्यातून येणारी. ग्रामपंचायतीने टीसीएल ही जंतुनाशक पावडर टाकली, पाणी उकळून प्यायलं की ती आटोक्यात येते. 'बी' आणि 'सी' हे रक्ताचे विषाणू. त्यांना टीसीएल टाकलेल्या पाण्याचं सोयरसुतक नाही, कारण ते पाण्यातून येतच नाहीत. एका ताटात जेवल्याने, हातात हात दिल्याने, एकाच ऑफिसात बसल्याने 'बी' होत नाही. तो सुईतून, न तपासलेल्या रक्तातून, वस्तऱ्यातून, गोंदणाच्या सुईतून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. या 'बी' काविळीला कोणी पांढरी कावीळ म्हणतं, कोणी काळी. रंगावरून नावं ठेवायची आणि कारण विचारायचं नाही, ही आपली जुनी खोड.

कारण विचारलं नाही की मग माळ येते. गळ्यात वनस्पतीच्या काड्यांची माळ घालायची, ती लांबत गेली की कावीळ उतरली. काड्या वाळून आक्रसतात, दोऱ्याच्या गाठी सैल होतात, माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यातही ती तेवढीच लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, हाही तसाच खेळ. हाताला आधी आंब्याच्या सालीचा अर्क लावलेला असतो. आणि या सगळ्यांना यश येतं, हे कबूल करायला हवं. कारण पाण्याची कावीळ बहुतेकांची आपली आपणच बरी होते. मोठ्या वयात झालेली 'बी' कावीळसुद्धा शंभरातल्या पंच्याण्णव जणांच्या अंगातून निघून जाते. श्रेय माळेला मिळतं.

उरलेल्या पाचांचं काय? त्यांच्या अंगात विषाणू घर करून राहतो. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, भूक उत्तम. गणेशोत्सवात किंवा शिवजयंतीला रक्तदान शिबिर होतं, गडी उत्साहाने रक्त देतो आणि पंधरा दिवसांनी रक्तपेढीतून फोन येतो. माझ्याकडे असे कितीतरी जण आले आहेत. पहिलं वाक्य ठरलेलं: 'डॉक्टर, मला आयुष्यात कधी कावीळ झालीच नाही, मग पॉझिटिव्ह कसा?' अशा माणसांपैकी बहुतेकांना हा विषाणू जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी मिळालेला असतो. नवजात बाळाला लागण झाली तर दहातल्या नऊ जणांच्या अंगात तो कायमचा राहतो. बाळाची प्रतिकारशक्ती त्याला परका मानत नाही, म्हणून भांडत नाही, म्हणून कावीळही होत नाही. यकृताचं बरंचसं नुकसान विषाणू स्वतः करत नाही, आपलंच सैन्य त्याला हुडकताना घर मोडतं. हे भांडण वीस-तीस वर्षांनी पेटतं आणि काहींच्या बाबतीत यकृत कडक होण्यापर्यंत किंवा कॅन्सरपर्यंत जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात २५ कोटी ४० लाख लोक हा विषाणू घेऊन जगत होते. त्यातले जवळजवळ ३ कोटी भारतात. त्या एका वर्षात ११ लाख माणसं त्यापायी गेली.

आकडे मोठे आहेतच, त्यांना फुगवायची गरज नाही. तरी ते फुगवले गेले. लस नवी होती तेव्हा शिबिरांच्या फलकांवर असं लिहिलेलं असे की एड्सने वर्षात मरतात त्याहून जास्त माणसं या काविळीने एका दिवसात मरतात. साधा भागाकार करा. वर्षाला दहा-अकरा लाख म्हणजे दिवसाला तीन हजार. एड्सने तेव्हा जगात वर्षाला लाखो माणसं जात होती. फलक धादांत खोटा होता. खऱ्या गोष्टीसाठी खोटं बोललं की पुढे खऱ्यावरही विश्वास राहत नाही, आणि तो भुर्दंड नंतरच्या डॉक्टरांनी भरला.

आता लस. कुरकुंभच्या श्रोत्यांना ती समजावणं मला पुण्याच्या श्रोत्यांपेक्षा सोपं जातं. इथे सिप्लाचे, एमक्युअरचे कारखाने आहेत, रसायनांचे तर कितीतरी. रिॲक्टर, बॅच, क्यूसी, कोल्ड रूम हे शब्द मला उलगडून सांगावे लागत नाहीत.

१९६० च्या दशकात बारूच ब्लुमबर्ग नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ वेगवेगळ्या देशांतल्या लोकांचं रक्त तपासत होते. काविळीच्या मागे ते नव्हतेच. माणसामाणसांच्या रक्तातल्या प्रथिनांत काय फरक असतो, हे त्यांना पाहायचं होतं. ज्याला वारंवार रक्त द्यावं लागलं होतं अशा न्यूयॉर्कच्या एका रुग्णाच्या रक्तातली प्रतिपिंडं एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तातल्या कसल्याशा प्रथिनाला जाऊन चिकटली. ते 'कसलंसं प्रथिन' म्हणजे 'बी' विषाणूचं बाहेरचं आवरण. १९७६ साली ब्लुमबर्गना नोबेल मिळालं. त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

या विषाणूची एक खोड आहे. तो आवरणं गरजेपेक्षा फार जास्त बनवतो. रक्तात एका भरलेल्या विषाणूमागे हजारो रिकामी आवरणं फिरत असतात. आपली प्रतिपिंडं त्या रिकाम्या पोत्यांवर तुटून पडतात आणि माल भरलेलं पोतं गर्दीतून निसटतं. चोराची ही युक्ती माणसाने चोरावरच उलटवली. रिकामं पोतं टोचलं तर शरीर त्याची ओळख लक्षात ठेवेल आणि रोग तर होणार नाही, कारण आत काही नाहीच.

पहिली लस, १९८१ साली अमेरिकेत मान्य झालेली, बाधित माणसांच्या रक्तातून ही पोती गाळून केलेली होती. ती गाळून, रसायनांनी निर्जंतुक करून सुरक्षित केलेली होती, पण तोच काळ एड्सच्या भीतीचा. रक्तातून काढलेली लस घ्यायला डॉक्टरसुद्धा कचरत. मग आवरणाचा जनुक यीस्टमध्ये, म्हणजे पाव फुगवणाऱ्या किण्वात बसवला. १९८६ पासून यीस्टच टाकीत वाढतं, आवरणाचं प्रथिन बनवतं, ते वेगळं काढून शुद्ध करतात. त्यात माणसाच्या रक्ताचा थेंब नाही, विषाणूचा जनुकीय माल नाही. ही लस घेऊन हिपॅटायटिस बी होणं शक्य नाही. गुऱ्हाळाच्या ताज्या रसाने पोट भरेल, पण डोक्याला उसाचं शेत उगवणार नाही, तितकंच ते अशक्य.

बाहेरून येणारी लस महाग होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने 'शानवॅक-बी' काढली, भारतात तयार झालेली या प्रकारची ती पहिली. पुढे आपल्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'जीनव्हॅक-बी' आणली. किंमत अशी उतरली की सरकारला ती बाळांना फुकट देणं परवडू लागलं.

इथे एक तारीख नीट ध्यानात घ्या, आजच्या भाषणाचा अर्धा जीव तिच्यात आहे. सरकारी लसीकरणात ही लस २००२-०३ साली काही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत आली. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत. साऱ्या देशात २०११-१२ मध्ये. म्हणजे आज या सभेत बसलेल्या, वीस वर्षं ओलांडलेल्या जवळपास कोणालाही सरकारने लहानपणी ही लस दिलेली नाही. एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला असलेला बिहार-उत्तर प्रदेशचा पोरगा, केडगावकडच्या गुऱ्हाळावर चुलवाण पेटवणारा, राज्य राखीव दलाच्या दौंडच्या छावणीतला जवान, कोणालाच नाही. 'लहानपणी सगळ्या लसी झाल्यात' हे आपलं उत्तर पोलिओसारख्या जुन्या लसींपुरतं खरं आहे.

मग प्रत्येक मोठ्या माणसाने घ्यावी का? माझं मत सांगतो. घेतली तर उत्तमच. पण ज्यांनी टाळूच नये असे काही आहेत. दवाखान्यातली सगळी माणसं, डॉक्टरपासून कचरा उचलणाऱ्या मावशींपर्यंत. मावशींना तर आधी, कारण टोपणाविना टाकलेली सुई शेवटी त्यांच्याच हातात घुसते. डायलिसिसवरचे रुग्ण. मधुमेही. ज्याच्या घरात बाधित माणूस आहे ते सगळे, विशेषतः नवरा किंवा बायको. नाभिक बंधू. इथल्या फिरंगाई देवीच्या यात्रेसारख्या जत्रांमधून मशीनने गोंदणारे. आणि कारखान्यातली प्रथमोपचाराची टीम. अपघातात रक्तबंबाळ झालेल्या सहकाऱ्याला उचलताना हातमोजे शोधायला कोण थांबतो? हा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस जिवंत राहतो. बाधित माणसाला टोचलेली सुई आपल्याला लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारात तीन. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता शंभरात सहा ते तीस. आपण घाबरतो एचआयव्हीला.

मोठ्या माणसाला द्यायची पद्धत अशी. आधी रक्त काढायचं, मग त्याच बैठकीत पहिली सुई द्यायची. रिपोर्टसाठी माणसाला परत पाठवलं की तो परत येत नाही. रक्त कशासाठी? अंगात विषाणू आधीपासून असेल तर लस त्याला हलवू शकत नाही. अपाय करत नाही, पण उपयोगही शून्य. आणि तो माणूस 'मी लस घेतली' म्हणून निश्चिंत राहतो, हा तोटा मोठा. रक्त लसीच्या आधीच काढायचं, कारण लसीत जे आवरण आहे तेच तपासणीत शोधतात. लसीनंतर दोन-तीन आठवडे तपासणी फसवू शकते, तेवढ्या काळात रक्तदानही पुढे ढकला.

सुई दंडात. कमरेत नाही. आपल्याकडे कमरेतली सुई जास्त जोरदार, अशी समजूत आहे, आणि पेशंट स्वतःहून कूस बदलून झोपतो. कमरेवर चरबीचा थर जाड, लस स्नायूपर्यंत पोचत नाही आणि प्रतिकारशक्ती कमी तयार होते. अमेरिकेत १९८० च्या दशकात दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना कमरेत लस दिली होती, तेव्हाच हे उघडं पडलं.

डोस मोठ्यांना एक मिलीलीटर, २० मायक्रोग्रॅम. आज, एक महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. पहिली सुई शरीराला चोराचा फोटो दाखवते. दुसरी त्याची पारख पक्की करते. तिसरी ती पारख वर्षानुवर्षं टिकवते. निरोगी, चाळिशीच्या आतल्या शंभरांपैकी नव्वदहून जास्त जणांना तीन सुयांनी पुरेसं संरक्षण मिळतं. वय वाढलं, वजन वाढलं, विडी-सिगारेट असली, साखर असली की ते कमी होत जातं. साठीनंतर शंभरात पंच्याहत्तरच्या आसपास. म्हणून तरुणपणी घ्या. ज्यांच्या बाबतीत खात्री हवीच, म्हणजे दवाखान्यातले लोक, डायलिसिसवाले, बाधिताचा जोडीदार, त्यांनी तिसऱ्या सुईनंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी तपासावी. ती १० (mIU/ml) किंवा जास्त आली की झालं. डायलिसिसच्या रुग्णाला मात्र दुप्पट मात्रा आणि चार सुया लागतात.

बूस्टर? निरोगी माणसाला लागत नाही. संरक्षण तीस वर्षं टिकल्याचे पुरावे आहेत. कारण ऐकण्यासारखं आहे. दहा वर्षांनी रक्तातली प्रतिपिंडं उतरतात, पण शरीराची आठवण शाबूत असते. हा विषाणू अंगात शिरल्यापासून आजार दिसायला सरासरी तीन महिने घेतो. एवढ्या संथ चोरापुढे झोपलेला राखणदारसुद्धा उठून तयार होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचं. सुई चुकली तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते. जिथे सोडली तिथून पुढे. दोन वर्षांपूर्वी दोन घेतल्या असतील तर आज फक्त तिसरी. हे डॉक्टरांनाही नीट ठाऊक नसतं. ते 'कोर्स पुन्हा करा' म्हणतात आणि माणूस पुन्हा पहिल्या रकान्यात जाऊन बसतो.

ऊसतोडणी कामगारांचा प्रश्न मला कोणीतरी विचारेल, म्हणून मीच आधी घेतो. दौंड-शिरूर पट्ट्यात दिवाळीनंतर टोळ्या उतरतात आणि पट्टा पडला की बीड-नगरकडे निघून जातात. सहा महिन्यांनी तिसरी सुई द्यायला तिथे कोप्याच शिल्लक नसतात. त्यामुळे 'यांना देऊन उपयोग काय' असं म्हटलं जातं. पण सहा महिने हा नेम झाला, ती अट नाही. पहिल्या दोन सुयांत निदान चार आठवडे, दुसऱ्या-तिसऱ्यात निदान आठ, आणि पहिल्या-तिसऱ्यात निदान सोळा आठवडे अंतर असलं की कोर्स वैध धरतात. मोळी टाकून गळीत सुरू होताना पहिली, डिसेंबरात दुसरी, मार्चमध्ये उसाचे शेवटचे फड तुटत असताना तिसरी. हंगामात बसतं. कॅलेंडर आपण दवाखान्याचं लावायचं की कामगाराचं, एवढाच प्रश्न आहे.

आता भीती. त्रास काय होतो? दंड दुखतो, एखाद्याला दिवसभर कणकण येते. तरुण पोरांना सुई पाहून भोवळ येते, त्यात लसीचा दोष नाही, म्हणून बसवून सुई द्यावी. जिवावर बेतणारी ॲलर्जी साधारण दहा-अकरा लाख डोसांत एकदा. म्हणून सुईनंतर अर्धा तास थांबवायचं आणि ॲड्रेनलिन हाताशी ठेवायचं. आधीच्या डोसने किंवा यीस्टने ज्याला तीव्र ॲलर्जी झाली असेल त्याने घेऊ नये. गरोदर बाईला चालते, अंगावर पाजणाऱ्या आईलाही. पथ्य? मटण चालतं. 'दारू चालते का' असं विचारणाऱ्याला मी सांगतो की लसीला चालते, यकृताला विचारून घ्या.

पण याहून गंभीर भीती एकदा एका अख्ख्या देशाला वाटली होती. १९९४ पासून फ्रान्सने ही लस शाळांमधून द्यायला घेतली. मोठ्यांनीही दणकून घेतली. थोड्याच काळात काही जणांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार झाल्याच्या बातम्या आल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये आरोग्यमंत्री बर्नार कुश्नेर यांनी शाळांतलं लसीकरण थांबवलं. ते स्वतः डॉक्टर होते, अडाणी नव्हते. २००१ साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले, एक अमेरिकेतल्या परिचारिकांचा, दुसरा आजार असलेल्या रुग्णांनाच लस दिल्यावर काय होतं याचा. लसीचा आणि आजाराचा संबंध सापडला नाही. हा आजार मुळात वीस ते चाळीस वयात सुरू होतो, आणि लसही त्याच वयाच्या लाखो लोकांनी घेतली होती. काहींना तो लसीनंतर होणारच होता, लस घेतली नसती तरी. २०१८ पासून त्याच फ्रान्समध्ये ही लस बाळांना सक्तीची झाली. मधल्या वीस वर्षांत गेलेला विश्वास भरून यायला कायदा करावा लागला. मराठीत 'लसीनंतर' आणि 'लसीमुळे' हे दोन वेगळे शब्द आहेत. पारावर ते एकच होतात.

लसीबद्दल बिनबुडाची भीती असते तशी बेफिकिरीही असते, आणि ती मला जास्त छळते. एका शिबिरात, कुठल्या ते सांगत नाही, मी पाहुणा म्हणून गेलो होतो. थर्मासच्या डब्यात बाटल्या थेट बर्फावर लोळत होत्या. ही लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. गोठली की संपली, कारण तिच्यातलं प्रथिन ज्या ॲल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेलं असतं त्याच्या गुठळ्या होतात. वितळल्यावर वरवर ठीक दिसते, टोचते, दंडही दुखतो. काम फक्त करत नाही. तुमच्या कारखान्यात असं तापमान सुटलं असतं तर बॅच नाकारली गेली असती, चौकशी बसली असती. शिबिरात हारतुरे झाले. आणि तिसऱ्या सुईची तारीख? शिबिरवाल्यांचा फ्लेक्स उतरला, माणसं पांगली.

सुईच्या बेफिकिरीची किंमत २००९ साली गुजरातेत मोडासा इथे मोजली गेली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्याने 'बी' काविळीची साथ आली, कित्येक माणसं दगावली. तिथल्या विषाणूचा अभ्यास आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झाला. मोडासा हे काही जगाच्या टोकाला नाही. 'डॉक्टर, एक सुई मारा म्हणजे बरं वाटेल' हे वाक्य तिथे म्हणत तसंच इथेही म्हणतात. सुई मागू नका, आणि लागली तर पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा.

सुई लागलीच, बाधित रक्त जखमेत गेलंच, तर? साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. लस न घेतलेल्याला लसीबरोबर तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देतात. शक्यतो २४ तासांत. आठवडा उलटल्यावर त्यात फारसा अर्थ राहत नाही.

एक गोष्ट कामगारांना स्पष्ट सांगतो, नाहीतर माझ्या बोलण्याचा सोयीस्कर अर्थ काढला जाईल. ही लस सॉल्व्हंटपासून यकृत वाचवत नाही. क्लोरोफॉर्म, डायमिथाइल फॉर्मामाइड अशी रसायनं यकृताला झोडतात, तिथे मास्क, बंदिस्त यंत्रणा आणि हवा खेळती ठेवणं याला पर्याय नाही. लस एवढंच करते की त्याच यकृतावर दुसरं ओझं पडू देत नाही. भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ साली, कारखाना कायद्यात जी कलमं घातली त्यांनी धोकादायक प्रक्रियेतल्या कामगाराची वर्षातून निदान एकदा वैद्यकीय तपासणी घालून दिली. रक्त दरवर्षी काढलं जातंच. त्याच नळीत ही एक तपासणी आणि त्याच दिवशी ही एक सुई बसते.

पण तपासणी केली की काही जण बाधित निघतील, आणि खरी परीक्षा तिथे आहे. बाधित माणूस मशीन चालवू शकतो, कॅन्टीनमध्ये जेवू शकतो, जेवण बनवूही शकतो. त्याला कामावरून काढायला वैद्यकीय कारण नाही. आखातातल्या नोकरीच्या मेडिकलमध्ये अशांना 'अनफिट' ठरवतात, म्हणून आपणही ठरवावं असं मुळीच नाही. रिपोर्ट कामगाराच्या हातात जावा, नोटीस बोर्डावर नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या हिपॅटायटिस नियंत्रणाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं सरकारी केंद्रांत फुकट आहेत. प्रत्येकाला गोळ्या लागतातच असं नाही, पण प्रत्येकाला नियमित तपासणी लागते. त्याच्या बायकोला, मुलांना तपासून लस द्यायची. गरोदर बाईची तपासणी करायची आणि बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस सुरू केली आणि दहा वर्षांत तिथल्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर निम्म्यावर आला. कॅन्सर टाळता येतो हे ज्या लसीने पहिल्यांदा दाखवलं, ती ही.

डॉक्टरांच्या मुलांनी ती लाल वही मला आज सकाळी दाखवली. कागद पिवळे पडलेत, तिसऱ्या रकान्यातली माळरानं तशीच आहेत. आयोजकांना मी विनंती केली, ती त्यांनी ऐकली. दाराशेजारच्या टेबलावर एक नवी वही ठेवली आहे, तीन रकाने आखून. ज्यांनी कधीतरी, कुठल्यातरी शिबिरात, एक-दोन सुया घेतल्या असतील त्यांनी जाताना नाव, फोन आणि आठवतं तेवढं साल लिहून जावं. तारीख आठवत नसेल तर अंदाजे लिहा, चालेल. व्यवस्थापनातली जी मंडळी इथे आहेत त्यांनी उद्याच्या पहिल्या पाळीआधी आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला एवढंच विचारावं की आपल्या ठेकेदारांच्या कामगारांसह किती जणांच्या तिन्ही सुया झाल्या, आणि उत्तर कागदावर मागावं. पेन वहीला दोऱ्याने बांधलेलं आहे. कृपया घरी नेऊ नका.